शालिकच्या नावाची मूठ

शालिकला कुठलीही वस्तू हातात दिलेली चालत नाही. फेकावी लागते. लिंबू मागायला आला तर दारातून चार पावलं मागे सरकतो, गुडघ्यात किंचित वाकतो आणि म्हणतो, "येऊ द्या वैनी." मी वैतागून लिंबू भिरकावते. ते तो कधी पाठीमागे हात नेऊन झेलतो, कधी मानेच्या खळगीत, कधी डोक्यावरची टोपी काढून त्या टोपीत. इथवर ठीक आहे. पण लगेच तेच लिंबू माझ्याकडे परत येतं. मला काही ते झेलता येत नाही. ते घरंगळत फ्रिजखाली जातं, मी ओणवी होऊन झाडूच्या दांड्याने बाहेर काढते आणि पुन्हा फेकते. तोवर तव्यावरची पोळी करपलेली असते.

एकदा मी हट्टालाच पेटले. म्हटलं, "हे घे, नीट हातात घे माणसासारखं." तर हा दोन्ही हात पाठीशी बांधून उभा. "हातात दिलं की देणारा मोकळा होतो वैनी. फेकलं की झेलेपर्यंत ती वस्तू दोघांची असते."

मी म्हटलं, लिंबू माझंच आहे, आणि माझंच राहिलं असतं तर बरं झालं असतं.

धुळ्याला देवपुरात आमच्या समोरच्या घरात हा भाड्याने राहतो. वय चाळिशीच्या बरंच पुढे, एकटा जीव, अंगाने वाळलेल्या शेंगेसारखा. फाटकावर स्वतःच रंगवलेली पाटी आहे : 'शालिक, सर्कस व परस्परसंवादी हालचाल कलावंत'. ही पाटी लागली तेव्हा आमच्या गल्लीने ती फार मन लावून वाचली. 'सर्कस' वाचून लोक हसले. 'परस्परसंवादी'पाशी अडखळले. 'हालचाल' मात्र सगळ्यांना समजलं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दारात गुडघेदुखीवाल्यांची रांग लागली. कुणाचा खांदा वर जात नव्हता, कुणाची कंबर धरली होती. एक आजोबा तर एक्स-रे घेऊन आले होते. शालिकने तो उन्हात धरून बघितला आणि म्हणाला, "छान आलाय फोटो."

तरुणपणी तो सर्कशीबरोबर पळून गेला होता. पुढे ती सर्कस बंद पडली. वाघ गेले, मग हत्ती गेले, शेवटी बघणारेही गेले. मग हा पुण्याला आणि तिकडे दक्षिणेत कुठे कुठे शिबिरांना गेला. तिथे त्याला समजलं की जगात आता नवी सर्कस निघाली आहे. तिच्यात प्रेक्षकांनी खुर्चीत बसून शेंगा खायच्या नसतात, कलावंताबरोबर स्वतःही हलायचं असतं. हे नवं ज्ञान घेऊन तो थेट धुळ्याला आला. जिथे लोक लग्नातसुद्धा जेवणाच्या पंगतीपुरतेच हलतात, तिथे.

त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे. साडीच्या दुकानाचं उद्घाटन असो, शाळेचं गॅदरिंग असो, नाहीतर कुणा साहेबांचा वाढदिवस, हा पायांना उंच बांबू बांधून गर्दीत शिरतो आणि वरून ओरडतो, "नुसतं देखानं नही!" म्हणजे नुसतं बघायचं नाही. बघ्यांवर त्याचा भारी राग. मोबाईल वर धरून उभा असलेला माणूस दिसला की हा त्याच्या मोकळ्या हातात फिरती थाळी टेकवलेली काठी देतो आणि निघून जातो. मग तो माणूस एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात थाळी घेऊन कार्यक्रमभर वणवण करतो.

माझ्या नणंदेच्या मुलीच्या लग्नात मीच त्याचं नाव सुचवलं, ही माझी हौस. त्या लग्नात दोन्ही व्याही आहेराच्या टोपीवरून एकमेकांशी बोलत नव्हते. शालिकला ते दिसलं. त्याने एक हातभर काठी घेतली, तिचं एक टोक एका व्याह्याच्या तळहातावर आणि दुसरं दुसऱ्याच्या तळहातावर टेकवलं. "बोटं मिटायची नाहीत. एकमेकांकडे दाबत राहायचं. ज्याने माघार घेतली त्याची काठी पडली." एवढं सांगून हा नवरदेवाच्या घोड्यामागे निघून गेला. आता माघार कोण घेणार? दोघंही पाटील. मांडवभर ते तसेच फिरले. अक्षता तशाच टाकल्या. पंगतीला तसेच बसले आणि वाढपी काठीखालून वाकून वरण-बट्टी वाढत होते. शेवटी फोटोवाल्याने हात जोडले तेव्हा दोघांनी एकदम सोडली. पण दुपारभर शेजारी राहून त्यांचं बोलणं मात्र सुरू झालं होतं. दोघं मिळून शालिकला शिव्या देत होते.

यावरून शहाणं व्हायला हवं होतं. पण मी ज्या पतसंस्थेत नोकरी करते तिच्या संचालकांना एकदा तणावमुक्तीचं शिबिर घ्यायची लहर आली आणि मी पुन्हा याचंच नाव दिलं. शालिकने सगळ्या संचालकांना अर्धगोल उभं केलं आणि चेअरमनसाहेबांना त्यांच्याकडे पाठ करून पुढे आणलं. "डोळे मिटा आणि मागे पडा. हे सगळे झेलतील."

चेअरमनसाहेबांनी डोळे मिटले. मग एक डोळा उघडून मागे बघितलं. पुन्हा मिटले. "आधी व्हाइस-चेअरमन पडू देत," म्हणाले. व्हाइस-चेअरमन म्हणाले, मान आपला आहे. एक संचालक म्हणाले, झेलायचं असेल तर तसा ठराव पाहिजे, नंतर ऑडिटला कोण उत्तर देणार? या चर्चेत साहेबांचा तोल खरोखरच गेला. संचालक मंडळ एकजुटीने दोन पावलं मागे सरकलं. एवढी एकजूट आमच्या संस्थेत मी आधी पाहिली नव्हती. शालिकने मधे सूर मारला आणि साहेबांना जमिनीपासून वीतभर वर धरलं. साहेब बराच वेळ त्याच्या हातांवर तसेच पडून होते. उठल्यावर म्हणाले, "बाहेरच्या माणसाने धरलं म्हणून वाचलो." हे वाक्य नंतरच्या सभेत त्यांनी फार वापरलं.

असा हा माणूस. मी त्याच्यावर दिवसातून दोनदा चिडते आणि तो आला नाही तर तिसऱ्यांदा चिडते. पण माझ्या सासूबाईंना त्याच्याबद्दल एक शब्द वाकडा बोललेला खपत नाही.

सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते. त्याही त्या पाटीमुळेच, गुडघा घेऊन, माझा दंड धरून, शालिककडे गेल्या होत्या. 

"गुडघा दुखस रे मना. देख बरं."

"अक्का, मी डॉक्टर नाही."

"नही ते नही. फी कमी लेजो."

शालिकने खिशातून एक झिरझिरीत केशरी रुमाल काढला आणि वर फेकला. तो रुमाल हवेत रमतगमत खाली यायला लागला. "धरा अक्का." ज्या बाईने कित्येक महिन्यांत फळीवरचा डबा काढायला हात वर केला नव्हता, तिने दोन्ही हात वर केले. रुमाल हातात आला नाही, डोक्यावर पडला. अक्का इतक्या हसल्या की कवळी हातात घ्यावी लागली. त्या दिवसापासून चहाच्या वेळेला शालिक तीन रुमाल घेऊन आमच्या ओसरीवर हजर. अक्कांचा गुडघा आजही तेवढाच दुखतो. त्याबद्दल बोलणं तेवढं बंद झालं.

अशाच एका दुपारी रुमाल फेकता फेकता अक्कांनी त्याला घरचं विचारलं. तेव्हा समजलं की पारोळ्याकडच्या एका खेड्यात त्याचा थोरला भाऊ आहे, भावजय आहे, पुतणे आहेत. आणि घरच्यांनी सोयऱ्याधायऱ्यांत असं सांगून ठेवलंय की शालिक बंगलोरला मोठ्या कंपनीत आहे. एकदा तो भाऊ धुळ्याला बाजाराला आला होता. शालिक एका दुकानापुढे बांबूंवर उभा. त्याने वरून आनंदाने हाक मारली, "भाऊ!" भावाने मान वर करून बघितलं आणि बरोबरच्या माणसाला म्हणाला, "हाऊ कोन शे?" म्हणजे हा कोण आहे.

"उंचावर होतो ना मी. चेहरा दिसला नसेल," शालिक म्हणाला आणि हसला.

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी खानदेशातली कुठलीही म्हातारी विचारेल तेच विचारलं. "घर कानबाईले तुना नावनी मूठ टाकतस का?"

इथे बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. कानबाई म्हणजे आमच्या खानदेशाची देवी, श्रावणात येते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, जे गहू लागतात ते घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ मोजतात. माणूस सुरतला असो की दुबईला, नावाची मूठ पडते आणि तो त्या घरचा ठरतो. बायकांच्या नावाची मूठ नसते. गहू निवडणं, गिरणी धुऊन घेऊन ते दळून आणणं आणि चुलीपुढे घाम गाळणं हे मात्र आमच्या नावाचं असतं. आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. आमच्याकडे तर लग्न झालेल्या मुलीलासुद्धा देत नाहीत. त्या दिवसांत एरवी सताड उघडी असलेली दारं लोटलेली असतात.

"टाकत नाहीत," शालिक म्हणाला. "मी सर्कशीत गेलो त्या वर्षीच भावाने बंद केली. माकडचेष्टा करणाऱ्याच्या नावाचे गहू देवीला कसे दाखवू, म्हणाला." आणि त्याने तिन्ही रुमाल एकदम वर फेकले. "धरा अक्का, धरा! नुसतं देखानं नही!"

अक्कांनी एकही धरला नाही.

मग मला एक गोष्ट आठवली. दर वर्षी कानबाईला शालिकचा सुरतला कार्यक्रम असतो. मी त्याला त्यावरून चिडवायची. सुरतेतले अर्धे खानदेशी त्या आठवड्यात गाड्या भरभरून इकडे येतात, आणि हा दीडशहाणा उलटा तिकडे जातो. कुणापुढे नाचत असेल तिथे? तेव्हा तो म्हणायचा, "मोकळ्या रस्त्यात सराव छान होतो वैनी."

या वर्षी गहू मोजायला भाऊबंद आमच्याकडे जमले. भुसावळहून चुलतसासरे आले. त्यांना सगळे नाना म्हणतात. त्यांचा जन्म रेल्वेत गेला आणि अजूनही ते जेवायला उठतानासुद्धा हिरवा कंदील मिळाल्यासारखे उठतात. पुण्याहून पुतण्या आला, बरोबर त्याची बायको, सातव्या महिन्यातली. अक्का सुपापुढे बसल्या. एकेक नाव घ्यायच्या, मूठ टाकायच्या आणि वर चिमूटभर. नानांचं नाव झालं, आमच्या ह्यांचं झालं, दिरांचं, पुतण्यांचं झालं. आणि त्याच सुरात, न थांबता, अक्कांनी आणखी एक मूठ उचलली आणि म्हणाल्या, "शालिक."

मूठ सुपात पडली.

"कोण शालिक?" नाना म्हणाले.

"समोरना," अक्का म्हणाल्या. "टाकाई गई. आते काय करानं?"

पुढे जे झालं त्यापुढे आमचं संचालक मंडळ बरं. नाना म्हणाले, गाडीला चुकून डबा जोडला गेला तर पुढच्या स्टेशनात काढतात, तशी ही मूठ काढा. अक्कांनी सूप त्यांच्यापुढे सरकवलं. "काढ ना मंग. कोनता दाना शालिकना शे, दखाड." नानांनी चष्मा लावून सुपात बघितलं आणि चष्मा परत खिशात ठेवला. आमचे हे म्हणाले, आपल्या घराण्यात पूर्वी कुणी शालिक होऊन गेला असेल, त्याच्या नावाची समजू. सगळ्यांनी आठवून बघितलं. दगडू निघाले, उखा निघाले, भटू तर तीन निघाले. शालिक एकही नाही. तेव्हा नानांना एकदम सुचलं. सुनेच्या पोटाकडे बोट करून ते म्हणाले, "मुलगा झाला तर शालिक नाव ठेवा. मूठ घरातच राहील." त्या पोरीने मोबाईलवर शोधून शोधून दोन अक्षरी नावं काढून ठेवली होती. ती रडायलाच लागली.

तिच्या रडण्याने अक्कांचा पारा चढला. "देवीनी मूठ लिधी," त्या म्हणाल्या. "देवीले आडचन नही, ते तुमले काय शे?"

नाना पुटपुटले, उद्या सगळ्या गल्लीच्या मुठी टाकशील. पण गहू दळणाला गेले. अक्कांची चूक झाली, म्हातारपण आहे, असं आमचे भाऊबंद आजही सांगतात. माझी सासू कुणाच्या घरी आपली चाळणी कधीपासून राहिली आहे ते झोपेत सांगते. ती चुकली यावर माझा विश्वास नाही.

पण ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं तो कुठे होता? दाराला कुलूप, फोन बंद. गेला सुरतला. रविवारी कानबाई बसली, रोट झाले, पंगती उठल्या. एक ताट अक्कांनी देवीशेजारी झाकून ठेवलं आणि कुणाला हात लावू दिला नाही. चुलीपुढून मी वाकून वाकून समोरच्या कुलपाकडे बघत होते. मला त्याचा इतका राग आला होता की समोर असता तर लिंबू नाही, पाटाच फेकला असता.

सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला निघाली. पांझरेकडे जाणारे सगळे रस्ते बायकांनी भरलेले. डोक्यावर चौरंग, चौरंगावर कण्हेरीच्या फुलांत सजलेली कानबाई, पुढे बँड, मधेच फुगड्या. अक्का रिक्षात बसून मागून येत होत्या, मी रिक्षाला धरून चालत होते. नदीजवळ कठड्याला टेकून बघ्यांची गर्दी उभी होती. कुणी मोबाईल वर धरलेले, कुणी शेंगा खात. त्यांच्यात डोक्याला गमछा गुंडाळलेला एक माणूस हाताची घडी घालून उभा होता. दोऱ्याने बांधल्यासारखा. पायसुद्धा हलत नव्हते, समोर एवढा बँड वाजत असून.

शालिक होता तो. सुरतला बिरतला गेलाच नव्हता. दर वर्षी घराला कुलूप लावून इथे येत असणार आणि लोकांच्या कानबाया जाताना बघत असणार. अख्ख्या धुळ्याला उभं राहू न देणारा हा माणूस नुसता बघत होता. इतक्या वर्षांत मी त्याला सुरतेवरून किती चिडवलं होतं.

मी काही म्हणायच्या आत अक्कांनी रिक्षावाल्याच्या पाठीत थाप मारून रिक्षा थांबवली. अर्धं अंग बाहेर काढलं आणि बँडच्या वर आवाज काढून ओरडल्या, "शालिक! ए शालिक! नुसतं देखानं नही!"

तो दचकला. कठडा सोडून आला, पण दोन हातांवर थांबला. "अक्का, हे भाऊबंदांचं असतं. मी इथेच बरा."

"तुना नावनी मूठ टाकेल शे," अक्का म्हणाल्या. "कालपासून ताट झाकेल शे. तू खाशी नही ते मी कोनले देऊ?"

शालिक माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं म्हातारी थट्टा करते आहे. मी मान हलवली. म्हटलं, "खरं आहे. नानांना विचार. दोन दिवस भांडलेत तुझ्यावरून."

तो आमच्याबरोबर नदीवर आला. आमच्या ह्यांनी त्याच्या हातात निरांजनाचं ताट दिलं, तेही त्याने मुकाट्याने धरलं. कोलांटी नाही, उडी नाही. भाऊबंदांच्या ओळीत सगळ्यांत मागे, नीट पावलं टाकत चालला.

घरी आल्यावर पंगत बसली. शालिक उंबऱ्यापाशीच घुटमळत होता. नानांनी त्याच्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि शेजारच्या पुतण्याला कोपराने ढोसलं. "सरक ना जरा. माणूस उभा आहे, दिसत नाही?" शालिक नानांच्या शेजारी मांडी घालून बसला.

मी आतून त्याचं ताट आणलं. मला बघताच सवयीने त्याचे हात वर गेले, झेलायच्या तयारीत. मी फेकलं नाही. जवळ गेले, वाकले आणि ताट त्याच्या हातात दिलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. इतकी वर्षं ज्याच्या हनुवटीवरच्या काठीवरची थाळी कधी डगमगली नव्हती, त्याच्या हातातलं ते ताट कललं आणि वाटीतली आमटी नानांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर सांडली.

"हा म्हणे थाळ्या फिरवतो," नाना करवादले.

देवीच्या रिकाम्या चौरंगाशेजारी बसलेल्या अक्कांनी मानही वर केली नाही.

"सांडू दे," त्या म्हणाल्या. "घरनाच शे."